हिच्या तोंडाची चव आणि सात बाटल्यांचा खुलासा

तीर्थस्वरूप दादा यांच्या चरणी,

धाकट्या मेव्हण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. गुडघा आता जिना चढताना कुरकुरत नाही हे वाचून बरं वाटलं आणि वहिनींचा खोकला गेला हे वाचून त्याहून बरं वाटलं (खोकला वहिनींना असला तरी पत्रात दोन पानं त्याचं वर्णन तुम्ही करता, म्हणून). डोळ्याचं ऑपरेशन लांबणीवर टाकू नका. इकडे मी ठीक आहे. तुमची बहीण कशी आहे हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे, पण ते मला एकदम सांगता येणार नाही. ते क्रमानेच यावं लागेल, नाही तर मधल्याच एखाद्या ओळीवर तुम्ही चष्मा काढून ठेवाल आणि पुढचं वाचणार नाही. तुमच्या फाटकावर 'मद्यपान करणाऱ्यांनी येथूनच परत फिरावे' अशी पाटी आहे आणि निर्व्यसनी मंडळाचे तुम्ही एकोणीस वर्षं अध्यक्ष आहात हे मला ठाऊक आहे. ते ठाऊक असूनच लिहितो आहे. तेव्हा विनंती एवढीच की पत्र शेवटपर्यंत वाचावं, आणि बसून वाचावं.

तर तुमच्या कानावर जे आलं ते खरं आहे. गेल्या महिन्याभरात मी बिअरच्या दुकानात अकरा वेळा गेलो. तुमच्या मंडळाचे चिटणीस इकडे त्यांच्या साडूकडे आले असता त्यांनी मला तिथे पाहिलं, त्या दिवशी माझ्या दोन्ही हातांत मिळून चार बाटल्या होत्या (चिटणीसांच्या हातात काय होतं ते मी पाहिलं नाही. एवढं सांगतो की दुकानात ते माझ्या आधीपासून होते). मी पितो का, तर नाही. मी चाखतो आणि बेसिनमध्ये थुंकतो, जसं बत्तीस वर्षं केलं तसं. या सगळ्यामागे काय कारण आहे ते आता ऐका.

हिचं ऑपरेशन झालं, ते तुम्ही येऊन पाहून गेलातच. त्यानंतरची औषधं तुम्ही पाहिली नाहीत. त्यांनी दुखणं हटलं, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेली. सूप दिलं तरी तेच, अंडं दिलं तरी तेच. सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं असं ती म्हणाली, आणि पुठ्ठा किती खाणार, तीन चमचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की चव परत येईल, पण कधी ते सांगता येत नाही, आणि तोवर खाल्लं तर पाहिजेच. वजन साडेएकोणचाळीस. अडतीसच्या खाली उतरलं तर पुन्हा भरती करायचं आणि नाकातून नळी घालून अन्न द्यायचं, असं त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं. वजनाची तारीख पुढचा सोमवार. हिने हे सगळं दाराआडून ऐकलं होतं आणि घरी आल्यावर तिने मला एवढंच सांगितलं की नळी मी घालू देणार नाही. तुमची बहीण आहे, दादा. ती घालू देणार नाही म्हणजे नाही.

आता माझ्या नोकरीबद्दल थोडं लिहिणं भाग आहे. तुम्ही मला नेहमी 'पाणीपुरवठ्यातले साहेब' म्हणता, पण मी साहेब वगैरे नव्हतो. मी शहराचं पाणी चाखायचो. अकरा टाक्यांचे अकरा नमुने रोज सकाळी प्रयोगशाळेत यायचे. बुचाच्या फ्लास्कमध्ये नमुना घ्यायचा, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायचा म्हणजे लपलेला वास वर येतो, हलवायचा, बूच काढून नाक लावायचं, मग घोटभर तोंडात घोळवून थुंकायचं. नंतर कागद भरायचा. वास : नाही. चव : नाही. शेरा : योग्य. खाली सही. ज्या दिवशी अकराही कागदांवर 'नाही' असायचं त्या दिवशी मी शिट्टी वाजवत घरी यायचो. चव असणं हाच आमच्या खात्यात दोष. गंजाची चव, शेवाळाची चव, औषधाची चव, कसलीही चव आली की टाकी बंद आणि धावपळ. असा मी माणूस, ज्याने आयुष्यभर जे कशासारखंच लागत नाही त्याला उत्तम म्हटलं, आणि आता माझ्याच घरात माझ्याच बायकोच्या तोंडात सगळीकडे 'चव : नाही' आणि त्याने ती वाळत चालली. कागद भरायची सवय असल्यामुळे मी तिच्या जेवणाचाही भरत होतो. नऊ आठवड्यांचे कागद आहेत. सगळे सारखे.

मग दहाव्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींची साठी झाली. (हे घड्याळं दुरुस्त करतात, एकटे असतात, आणि डोळ्याला ते भिंग लावूनच दार उघडतात, त्यामुळे पहिल्या भेटीत माणूस दचकतो.) दुपारच्या जेवणाला त्यांनी आम्हाला बोलावलं होतं. ही येते म्हणाली, कारण घरात बसून माझा चेहरा बघण्याचा तिला कंटाळा आला होता. पाण्याचा पेला म्हणून तिने चुकून शेजारचा घड्याळजींचा बिअरचा पेला उचलला आणि एक घोट घेतला. मी उठलोच होतो. ती म्हणाली, "कडू आहे."

एवढंच. पण दादा, नऊ आठवड्यांनी तिने एका चवीला नाव दिलं होतं. माझ्या हातातली बशी पडली आणि फुटली, घड्याळजींना वाटलं मी दारू बघून संतापलो, ते उठून माफी मागायला लागले आणि मी त्यांचा हात धरून, डोळे पुसत, पुन्हा पुन्हा विचारत राहिलो की ही बाटली कुठे मिळते. ते म्हणाले, ती आता मिळत नाही, भाच्याने प्रवासातून आणलेली शेवटची होती. माझं नशीब तुम्हाला माहीत आहेच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी औषधांचा कागद पाहिला, औषधं संपलेली होती, विचार केला आणि म्हणाल्या की अर्धा पेला चालेल, पण अन्नाबरोबर, अन्नाऐवजी नाही. हे वाक्य मी खिशातल्या वहीत लिहून घेतलं. म्हणजे काम दुहेरी झालं. नुसती बिअर निवडून भागणार नव्हतं, तिच्याबरोबर काय खायला द्यायचं हेही ठरवायचं होतं, आणि मला दोन्हींतलं ओ की ठो कळत नव्हतं. स्वयंपाकघरात मी आजवर फक्त नळ तपासायला गेलेलो.

दुकान आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. अरुंद आणि खोल, खिडकीला जाड पडदा (उजेडाने बिअर बिघडते म्हणे, म्हणून बाटल्याही तपकिरी), लाकडी खोक्यांत उभ्या बाटल्या आणि गल्ल्यापाशी मालकीणबाई लोकर विणत बसलेल्या. मी वही काढून उभा राहिलो. तुम्हाला काय आवडतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पाणी. त्या वर बघून म्हणाल्या, म्हणजे चवीला कसं हवं? मी सवयीने म्हणालो, चव नसलेलं. त्यांनी एक फिक्या पिवळ्या रंगाची बाटली काढून दिली. संध्याकाळी हिला उकडलेल्या बटाट्याबरोबर अर्धा पेला दिला. तिने घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाली की हे तुमच्या खात्याचं पाणी आहे, फक्त फेस आलाय. बटाटा तिने झाकून ठेवला.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मालकीणबाईंना खरं ते सांगितलं. त्यांनी सुया खाली ठेवल्या. मग नीट विचारायला लागल्या. पेशंटला आधी काय आवडायचं, गोड की आंबट, तळलेलं की भाजलेलं, कॉफी कडू घ्यायच्या का, पावाची करपलेली कड खायच्या की काढून ठेवायच्या? दादा, मला अकरा टाक्यांच्या पाण्याचा जडपणा तोंडपाठ आहे, अजूनही आहे, आणि चौतीस वर्षं जी बाई माझ्यासमोर बसून जेवते ती पावाची कड खाते की काढून ठेवते हे मला सांगता येईना. मी म्हणालो, ती सगळं खाते. त्या बाई म्हणाल्या, "सगळं खाणारी बाई म्हणजे दुसऱ्याला जे चालतं ते करून खाणारी बाई."

मी त्या दिवशी काही न घेता परत आलो. वाटेत उद्यानाच्या बाकावर बसलो. त्या बाईंना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं, आणि तुम्हालाही ते सांगून टाकतो, कारण आजवर कोणाला सांगितलेलं नाही. चाखणाऱ्याची जीभ साफ राहावी म्हणून आमच्या घरी कांदा नाही, लसूण नाही, मिरची नाही, लोणचं नाही, सुवासिक साबण नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही एकदा थट्टेत म्हणाला होतात की तुमच्याकडे जेवणं म्हणजे दवाखान्यात भरती झाल्यासारखं वाटतं. मी म्हणालो होतो, खात्याचा नियम आहे. नियम होता, पण तो कामाच्या दिवशी सकाळी सात ते अकरा एवढाच होता. तो आठवड्याचे सातही दिवस, दोन्ही वेळा आणि निवृत्तीनंतरही पाच वर्षं मी लावला. तोच आपला रुबाब होता. घरात मला कोणी साहेब म्हणत नव्हतं, पण माझ्या जिभेसाठी सगळं घर पथ्य पाळत होतं. आणि ही वर्षातून दोनदा तुमच्याकडे चार दिवस राहून यायची, तिच्या पदराला फोडणीचा वास यायचा आणि मी नाकाला रुमाल लावून दुसऱ्या खोलीत झोपायचो. आता त्या वासासाठी मी काय वाटेल ते देईन. तिच्या तोंडची चव औषधांनी नेली असं सगळे म्हणतात. औषधांनी नेली ती दहा आठवड्यांची, त्याआधीच्या चौतीस वर्षांची मी नेली. मला तिची क्षमा मागायची आहे आणि मला ती मागता येत नाही, म्हणून मी बाटल्या आणतो.

घरी येऊन तिला विचारलं, तुला काय आवडतं? ती खिडकीपाशी शाल घेऊन बसली होती. तिने शाल सारखी केली. मग म्हणाली, "आता विचारताय? आता माझ्याच लक्षात नाही."

तेव्हा प्रयोगाशिवाय इलाज उरला नाही. तिसऱ्या खेपेला मी दुकानातून सात प्रकारच्या सात बाटल्या आणल्या. मालकीणबाईंनी मला बसवून धडा दिला, तो तुमच्या माहितीसाठी देतो (माहिती असणं आणि पिणं यांत फरक आहे, असं तुम्हीच एकदा तंबाखूच्या बाबतीत भाषणात म्हणाला होतात). जवाला मोड आणून भाजतात, तो जितका जास्त भाजावा तितकी बिअर काळी आणि तिला पावाचा, कॉफीचा, करपल्याचा वास. कडूपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. गव्हाची असते ती गढूळ आणि मऊ. काही मुद्दाम आंबवलेल्या असतात, त्यांनी दात शिवशिवतात. आणि जोडीचा नियम असा की हलक्याला हलकं द्यावं, भारीला भारी, म्हणजे कोणी कोणाला दाबून टाकत नाही. एक तर दोघांत काही सारखं असावं, भाजलेल्याला भाजलेलं, नाही तर एकाने दुसऱ्याचं जास्तीचं आवरावं, तेलकटाला कडू. हे सगळं त्या बिअरबद्दलच सांगत होत्या. मी मात्र मान खाली घालून लिहून घेत होतो.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात प्रयोग मांडला. लेबलांवर तपकिरी कागद चिकटवून एक ते सात आकडे घातले, कारण नमुना कुठला हे चाखणाऱ्याला कळता कामा नये. प्रत्येकीसाठी छापील कागद. ही खुर्चीवर, शाल घेऊन. आणि मग मी ती चूक केली जी जगात फक्त आमच्या खात्याचा माणूस करू शकतो. नमुना कोमट केल्याशिवाय वास वर येत नाही, हे बत्तीस वर्षांचं ज्ञान. मी सातही बाटल्या बुचांसकट मोठ्या पातेल्यात कढत पाण्यात उभ्या केल्या आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं वाट पाहिली. मग पहिली हातात घेऊन, फडक्याने पुसून, तिचं बूच उघडलं.

दादा, मी फुटलेली मोठी जलवाहिनी पाहिली आहे, त्यामुळे मी घाबरलो नाही, पण छत गेलं. छतावरून बिअर दिनदर्शिकेवर, दिनदर्शिकेवरून माझ्या टकलावर आणि तिथून चष्म्यावर आली. मी गडबडीत दुसरी उघडली, म्हणजे पहिली थांबेल असं मला का वाटलं ते सांगता येणार नाही. आवाज ऐकून घड्याळजी भिंग लावलेल्या डोळ्याने धावत वर आले आणि फेसावरून घसरून बसले ते बसलेच. आणि दादा, ही हसली. खुर्चीचे दोन्ही हात धरून, शाल गळून पडली तरी, ठसका लागेपर्यंत हसली. मला तो आवाज ओळखू यायला क्षणभर वेळ लागला. मी तसाच ओला उभा राहिलो, तिसरीही उघडावी का असा विचार करत.

उरलेल्या पाच थंड होऊ दिल्या आणि न्हाणीघरात, टॉवेलखाली उघडल्या. तीनवर ती म्हणाली, काही नाही. चारवर, आंबट, पण लांबून. पाच, सहा, काही नाही. सातवी काळी होती. तिने पेला नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. म्हणाली, करपलेल्या पावाचा वास येतोय. मी नाक लावलं आणि होता. (मालकीणबाईंना नंतर हे सांगितलं तेव्हा बिअर तापवली हे ऐकून त्यांच्या सुईवरचे दोन टाके सुटले. मग जरा वेळाने नाइलाजाने म्हणाल्या की फार गार असली की जिभेला काही कळत नाही हे खरं आहे आणि काळी तर नुसती थंडसर असतानाच प्यावी. म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली.) प्रत्येक बाटलीत उरलेली बिअर फेकून देणं जिवावर आलं म्हणून घड्याळजींना दिली. त्या आठवड्यात त्यांनी दुरुस्त केलेली घड्याळं आमच्या इमारतीत चार घरी लागली आहेत आणि तेव्हापासून आमच्या जिन्यावर चार वेगवेगळ्या वेळा चालतात.

आता भाजलेल्याला भाजलेलं. मी लसूण विकत आणला. आयुष्यभर मी नाकाने कांदे सोलले, हाताने लसूण सोलायची ही पहिलीच वेळ, आणि एक गड्डा सोलायला मला चाळीस मिनिटं लागली. बटाट्याच्या फोडी लसूण आणि मिरी घालून ओव्हनमध्ये ठेवल्या आणि बघत बसलो, तरी बघता बघता करपल्या. कडा काळ्या. मी त्या टाकायला निघालो होतो. ही म्हणाली, आणा इकडे. काळ्या बिअरचा एक घोट, एक फोड. मग दुसरी. सहा फोडी खाल्ल्या, दादा. तोंडात घोळवत, डोळे मिटून. म्हणाली की जळकं आहे, पण छान जळकं आहे. मी कागद घेतला आणि 'चव' या शब्दापुढे बत्तीस वर्षांत जे लिहिताना मला घाम फुटायचा ते लिहिलं : आहे. खाली सही.

इथेच पत्र संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी तीच बाटली, तसेच बटाटे, आणि ती म्हणाली, आज काही नाही. चव अशी येते आणि जाते, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तेव्हापासून रोज नवी जोडी लावतो. गव्हाच्या बिअरबरोबर तळलेला मासा दिला, ठीक म्हणाली. कडू बिअरबरोबर मी मिरचीचं सूप दिलं, तर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती म्हणाली की हे लागतंय, पण ही चव नाही, ही शिक्षा आहे (कडूने तिखट भडकतं, तिखटाला गोडसर बिअर द्यायची, हे मालकीणबाईंनी सांगितलेलं मी पान उलटताना विसरलो होतो). गेल्या बुधवारी मी पहिल्यांदा ऑम्लेट केलं, कांदा आणि मिरी घालून, बरोबर जरा फळासारख्या वासाची फिकी कडू. तिने पहिला घास खाल्ला आणि पाण्याचा पेला ओढला. मी विचारलं, कसं लागलं? म्हणाली, नीट कळत नाही, उद्या दुसरी आणून बघा. तेव्हापासून रोज हेच. नीट कळत नाही, उद्या दुसरी बघू. बशी मात्र रिकामी होते. पण मला वाईट वाटू नये म्हणून ती नेटाने गिळत असावी असं माझं मत आहे, आणि नेटावर माणूस किती दिवस जेवणार? सोमवार तोंडावर आला आहे. मी रोज सकाळी तिच्याआधी उठून वजनकाट्यावर स्वतः उभा राहतो, काटा बरोबर आहे ना ते पाहायला, आणि मग पुन्हा कोपऱ्यात सरकवतो. मला भीती वाटते, दादा. माणसाने माणसाला सांगावं तसं सांगतो.

तर खुलासा हा असा आहे. मंडळाच्या बैठकीत माझा विषय निघाला तर तो तुम्ही तुमच्या शब्दांत मांडावा. वहिनींना नमस्कार. तुमचे आशीर्वाद असू द्यावेत.

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. : हा मजकूर फक्त वहिनींसाठी आहे. दादा, तुम्ही इथे थांबा आणि कागद त्यांच्या हातात द्या.

वहिनी, हे पत्र खरं म्हणजे तुम्हालाच लिहायचं होतं, पण तुमच्या नावाचं पाकीटही दादाच उघडतात. परवा जेवताना ही पेला खाली ठेवून सहज म्हणाली की वहिनीकडची लागायची तशी ही नाही. मग एकदम जीभ चावली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मी जास्त खोदलं नाही. पण चौतीस वर्षं, वर्षातून दोनदा, दादा मंडळाच्या सभेला गेले की तुम्ही दोघी स्वयंपाकघराचं दार लावून काय करत होतात ते माझ्या लक्षात आलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, उलट पाया पडतो. मला एवढंच कळवा की ती बाटली कुठली आणि तिच्याबरोबर तुम्ही हिला काय करून घालायच्या. सगळं लिहा, लसूण किती तेसुद्धा. जमलं तर पत्राने नको, रविवारी स्वतःच या, म्हणजे सोमवारच्या आत एक जेवण होईल.

आणखी ता. क. : दादा, तुम्ही वाचलंत. वाचाल हे मला माहीत होतं. वहिनींना बोलू नका. दिव्याखाली अंधार माझ्याही घरी होता, तुमच्यापेक्षा जास्त होता. तुम्हीही या. पाटी फाटकावरच राहू द्या. आणि वर मी थुंकतो असं लिहिलं आहे, ते पहिल्या दोन-तीन बाटल्यांपुरतं खरं आहे.

(यापुढचं अक्षर वेगळं आहे, दादा, ते तू ओळखशील.)

पाकीट चिकटवायचं काम यांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी. चव गेल्या बुधवारीच परत आली. ऑम्लेटमधला कांदा लागला, मिरी लागली, मीठ लागलं आणि मीठ जास्त होतं. यांना सांगितलेलं नाही. सोमवारच्या काट्याची काळजी करू नका, काल हे दुकानात गेले असताना मी चढून पाहिलं, एक्केचाळीसला टेकलेय. पण चव आल्याचं सांगितलं, की हे कागदावर शेरा मारतील, सही करतील आणि काम झालं म्हणून उठतील. चौतीस वर्षांत तुला काय आवडतं असं मला कोणी विचारलं नव्हतं, दादा. आता दोन्ही वेळा समोर बसून विचारतात, आणि मी काय म्हणते ते लिहून घेतात. वहिनीला म्हणावं, बाटलीचं नाव मला चांगलं आठवतंय, तू कळवू नकोस. रविवारी तुम्ही दोघं आलात की जेवताना मी स्वतः यांना सगळं सांगेन. तोवर दुकानात अजून चार प्रकार राहिलेत, ते होऊ देत.